आकड्यांचा नकाशा आणि त्यावरील उजेड

आकड्यांचे कोष्टक सभेपुढे ठेवले तर दहापाच माणसे ते वाचतात. तेच आकडे नकाशावर रंगवून दाखविले तर साऱ्या सभेची नजर तिकडे वळते. जनगणना, रोगराई, पाऊस, मतदान यांचे नकाशे आज हातातल्या मोबाइलवर येतात. ते नुसते रंगविलेले नसतात. कोठे ठिपके चकाकतात, कोठे डोंगरांच्या सावल्या पडतात, कोठे शहरे खांबांसारखी उभी राहतात. या साऱ्या करामतीला आम्ही 'उजेडाचे काम' म्हणतो. कारण रंगभूमीवर प्रकाशयोजना करणारा जे करतो, तेच येथे चाललेले असते. झोत कोणावर टाकावयाचा आणि कोणाला अंधारात ठेवावयाचे, हे पडदा उघडण्यापूर्वी कोणीतरी ठरविलेले असते. ते कसे ठरते, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे.

ही विद्या संगणकाहून जुनी आहे. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने सहाशेंहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी त्या भागाच्या नकाशावर एकेका मृत्यूसाठी एकेक काळी रेघ, विटेवर वीट रचावी तशी, त्या त्या घरापाशी रचली आणि पाण्याचे सार्वजनिक पंपही दाखविले. रेघांची दाटी ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोवती होती. नकाशा छापून येण्यापूर्वीच त्या पंपाचा दांडा काढलेला होता. तेव्हा नकाशाने साथ थांबविली, असे म्हणता येणार नाही. पण रोग पाण्यातून पसरतो हा मुद्दा त्याने डोळ्यांपुढे उभा केला. एक रेघ म्हणजे एक माणूस, इतका तो हिशेब सरळ होता.

पुढे १८८९ साली चार्ल्स बूथ यांचा लंडनच्या दारिद्र्याचा नकाशा प्रसिद्ध झाला. रहिवाशांच्या सांपत्तिक स्थितीप्रमाणे रस्ते सात रंगांत रंगविलेले होते. सधनांना पिवळा रंग मिळाला, अगदी तळच्या वर्गाला काळा; आणि सूचीत काळ्या रंगापुढे ही माणसे दुर्गुणी व अर्धीमुर्धी गुन्हेगार आहेत, अशा अर्थाचे शब्द होते. लंडनचे तीस टक्क्यांहून अधिक लोक दारिद्र्यात आहेत, हे याच पाहणीने दाखविले, ते काम मोलाचे. परंतु गल्लीला काळा रंग देताक्षणीच तिच्यातल्या माणसांवर ठपकाही बसला. १८९५ साली शिकागोच्या हल-हाउस या संस्थेतील मंडळींनी आपल्या वस्तीचे नकाशे छापले. त्यांपैकी एका प्रकारात कुटुंबाची आठवड्याची मिळकत रंगाने दाखविली होती, आणि रंगापुढे डॉलरचा आकडा होता. मिळकत मोजणे वेगळे आणि चारित्र्य ठरविणे वेगळे.

आता पडद्यावरील नकाशाकडे वळू. काळोख्या भूमीवर काजव्यांसारखे ठिपके चमकविण्याची रीत अलीकडे फार लोकप्रिय झाली आहे. जॉन नेल्सन या अमेरिकन नकाशाकाराने तिला काजव्याचेच नाव दिले. तिची कृती अशी : एकच ठिपका दोनतीनदा काढावयाचा. आत लहान, जवळजवळ पांढरा. बाहेर मोठा, पुसट कडांचा, अर्धपारदर्शक. ठिपके एकमेकांवर आले की उजेडात उजेड मिसळतो आणि दाट जागा आपोआप अधिक झळकते. मात्र पडद्याला पांढऱ्याहून पांढरे होता येत नाही. दहा ठिपक्यांनी जागा पांढरी झाली, तर शंभर ठिपक्यांची जागाही तेवढीच पांढरी दिसेल. दहापट फरक त्या लखलखाटात बुडाला! म्हणून चांगला कारागीर एकेका ठिपक्याचा उजेड मंद ठेवतो आणि किती उजेड म्हणजे किती माणसे, हे सूचीत सांगतो.

डोंगरांच्या सावलीचीही अशीच गोष्ट. सूर्य प्रत्यक्षात कोठेही असो, नकाशात उजेड वायव्येकडून, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातून, पाडण्याचा प्रघात आहे. उजेड वरून येतो अशी डोळ्याची सवय असते. तो खालून पाडला तर दऱ्या डोंगरासारख्या दिसू लागतात. पण या छायेवर आकड्यांचा रंग चढविला की घोटाळा होतो. गडद रंग म्हणजे अधिक दारिद्र्य असे ठरविले असेल, तर सह्याद्रीच्या रांगांची आग्नेय उतरण सावलीमुळे अधिक गडद होऊन विनाकारण अधिक दरिद्री दिसेल. येथे छाया अगदी फिकी ठेवावी, नाहीतर काढूनच टाकावी.

सर्वांत मोठा भ्रम मात्र कोणत्याही करामतीशिवाय होतो, तो क्षेत्रफळाचा. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरांचा. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून सुमारे ६०३. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत १० लाख ७३ हजार माणसे होती, तर मुंबईच्या दोन जिल्ह्यांत १ कोटी २४ लाख. जिल्हेवार रंग भरला की गडचिरोलीचा रंग मुंबईच्या चोवीसपट जागा व्यापतो, आणि सुमारे साडेअकरापट माणसे समुद्रकाठच्या एका ठिपक्यात दडून जातात. उलट, नुसत्या एकूण संख्येचे खांब उभे केले तर मुंबईचा खांब आभाळाला भिडतो आणि गडचिरोलीतले दुखणे जमिनीला चिकटून राहते. शिवाय उंच खांबामागे काय आहे, ते दिसतच नाही. यावर तोड अशी की, रंग भरावयाचा तो दर हजारी प्रमाणाचा, आणि संख्या दाखवावयाची ती वर्तुळांच्या आकाराने. दोन्ही शेजारी ठेवली, म्हणजे थोड्यांचे मोठे दुःख आणि पुष्कळांचे दुःख, दोहोंनाही न्याय मिळतो.

हे प्रश्न पंडितांचेच नव्हेत, हे आम्हांला एका वाटाघाटीत दिसून आले. एका कारखान्याच्या व्यवस्थापनाने कामगारांच्या बसगाड्यांचा नकाशा भिंतीवर दाखविला. काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी रेषा चहूकडे पसरल्या होत्या आणि बैठकीतली माणसे क्षणभर थक्क झाली. आमच्या प्रतिनिधींनी विचारले, दिवसातून दहा वेळा बस जाते ती रेषा आणि एकदाच जाते ती रेषा सारखीच का चमकते? रात्रपाळी सुटल्यावर यांतल्या किती रेषा उरतात? तोच नकाशा पाळीवार काढावयास लावला, तेव्हा तिसऱ्या पाळीला तीन रेषा उरल्या. पुढची बोलणी त्या तीन रेषांवर झाली.

ही साधने आता धनिकांच्याच हाती आहेत, असेही नाही. क्यूजीआयएस हा नकाशे काढण्याचा संगणक-कार्यक्रम मोफत मिळतो. चकाकी, सावली, रंगांचे मिश्रण सारे त्यात आहे. संघटनांनी, ग्रामपंचायतींनी, शाळांनी तो शिकून घ्यावा. शिकताना एक शिस्त पाळावी : उजेड, जाडी, गडदपणा, उंची यांपैकी जे जे वाढेल, त्यामागे वाढणारा आकडा असलाच पाहिजे, आकडा नसेल तर ती करामत गाळावी. रंग निवडताना तांबडा आणि हिरवा समोरासमोर ठेवू नयेत, कारण पुष्कळ पुरुषांना त्यांतला भेद नीट दिसत नाही. एकाच रंगाची फिकट ते गडद अशी चढण सर्वांना वाचता येते.

आणि ज्यांना नकाशा काढावयाचा नाही, नुसता पाहावयाचा आहे, त्यांनी चकाकी पाहून झाल्यावर नजर काळोख्या भागाकडे न्यावी. तेथे माणसेच नाहीत, की माणसे आहेत पण कोणी मोजली नाहीत, हे नकाशा काढणाऱ्याला विचारावे. हे विचारण्याचा अधिकार सर्वांचा आहे. कारण रस्ता, दवाखाना आणि पाण्याची योजना कोठे जावी, हे पुष्कळदा अशाच एखाद्या नकाशापुढे बसून ठरत असते.