टोपणनावाची दोन पत्रे आणि अग्रलेखांची लढाई

२६ जून १८८५ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर झोड उठवणारे एक पत्र आले. खाली सही होती ‘एक हिंदू स्त्री’. १९ सप्टेंबरला त्याच सहीचे दुसरे पत्र आले, ते सक्तीच्या वैधव्यावर. मग दोनच दिवसांनी, २१ सप्टेंबरला, मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती पिन्ही यांनी एका दाव्याचा निकाल दिला. त्या दाव्यातली प्रतिवादी आणि पत्रांची लेखिका एकच होती. तिचे नाव रखमाबाई, वय जेमतेम वीस.

अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजींशी लागले. पण ती सासरी गेलीच नाही. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिली, वाचायला-लिहायला शिकली. १८८४ मध्ये बायको नांदायला येत नाही म्हणून दादाजी कोर्टाची पायरी चढले. पिन्हींनी दावा फेटाळला. त्यांचे म्हणणे असे की, बायकोला जबरदस्तीने नांदायला पाठवण्याची तजवीज मुळात विलायती कायद्यातली, हिंदू धर्मशास्त्रात तिला आधार नाही. शिवाय जी बाई कधी नांदलीच नाही तिला ‘परत’ कशी पाठवणार?

आता गंमत पाहा. पिन्ही धर्मशास्त्राचा हवाला देत होते आणि विलायती तोडगा नाकारत होते. तरीही पुण्या-मुंबईच्या सनातनी वृत्तपत्रांनी ‘धर्म बुडाला’ अशी हाकाटी केली ती याच निकालाविरुद्ध. धर्मरक्षणासाठी इंग्रजी कायद्यातली तरतूद वापराच, असा आग्रह धरण्यात कुणाला काही विसंगत वाटले नाही. अपिलात निकाल फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करते म्हणून सांगितले. शेवटी १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी कित्येक वर्षे दवाखाने चालवले.

लोकमत कसे घडते हे पाहायचे तर या खटल्यापेक्षा त्याभोवतीचा शाईचा पूर पाहावा. त्याची सुरुवात रखमाबाईंच्या पत्रांच्या आदल्या वर्षीच झाली होती. बेहरामजी मलबारी या पारशी संपादकाने ऑगस्ट १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर दोन टिपणे छापून देशभरच्या नामांकितांना पाठवली. सरकारनेही ती मतासाठी फिरवली. जोतीराव फुल्यांनी डिसेंबरमध्ये आपले मत कळवले. ज्यांची मते मागवली त्यांत वकील, न्यायाधीश, शास्त्री, संस्थानिक, सरकारी अंमलदार होते. जिचे लग्न लावले जात होते त्या मुलीला कुणी विचारले नाही. तिच्या बाजूने आतून बोलणारा आवाज वर्तमानपत्रात आला तो टोपणनावाने, आणि तोही इंग्रजीत.

पुण्यात ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर. ते कट्टर सुधारक, तर टिळकांचा कल उलट. एका पत्रात ही दोन मते किती दिवस नांदणार? १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकर बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्या मतांची किंमत अशी की, हयात असतानाच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली गेली.

टिळकांच्या लेखणीचे खरे कसब मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. बालविवाह चांगला, असे काही ते म्हणत नव्हते. मुलीचे लग्न सोळाच्या आत आणि मुलाचे विसाच्या आत करू नये, अशी प्रतिज्ञा लोकांनी आपखुशीने घ्यावी, असे १८९० मध्ये त्यांनी स्वतःच सुचवले होते. पण ‘मुलीचे काय’ हा प्रश्न ‘केसरी’ने बघता बघता ‘परक्या सरकारने आमच्या घरात का शिरावे’ या प्रश्नात बदलून टाकला. वाचक एकदा दुसऱ्या प्रश्नावर वाद घालू लागला की पहिला आपोआप मागे पडतो.

याच सुमारास छापील यादी काय करू शकते तेही पुण्याने पाहिले. ऑक्टोबर १८९० मध्ये ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. नंतर चहा-बिस्किटे आली. कुणी घेतली, कुणी नुसता कप हातात धरला, कुणी हातही लावला नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव यांनी हजर मंडळींची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. सुधारक रानडे आणि टिळक दोघेही त्या यादीत! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, बहिष्काराचे ग्रामण्य माजले, रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. बंद खोलीत प्यालेला चहा वर्तमानपत्रात आला नसता तर धर्म बुडाला असता का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्याच वर्षी कलकत्त्यात फुलमणी नावाची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. तिने वयाची दहा वर्षे ओलांडलेली असल्याने कायद्याने तो बलात्कार ठरला नाही. नवऱ्याला वर्षभराची सक्तमजुरी झाली. ९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी संमतिवय दहाचे बारा करणारे बिल मांडले. पुढचे दहा आठवडे पुण्यातली वर्तमानपत्रे धर्मशास्त्राने भरून गेली. डॉ. भांडारकर स्मृतिवचने देत, टिळक ती खोडून काढत. गर्भाधानाचा संस्कार नेमका केव्हा, यावर ऋतुप्राप्तीच्या दिवसांपर्यंत काथ्याकूट झाला. संस्कृत आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्यांनाच या आखाड्यात उतरता येई. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या किंवा दगड मारायचे. फेब्रुवारीत क्रीडाभुवनातली समर्थकांची सभा उधळली गेली.

आखाड्याबाहेर मात्र आणखी काही घडत होते. ‘दीनबंधू’चे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईतले न्हावी जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असे त्यांनी ठरवले. केशवपनावर शास्त्रार्थ करणाऱ्या एकाही विद्वानाच्या हातात वस्तरा नव्हता, हे त्यांना बरोबर कळले होते. पण ‘हिंदूंचे मत’ म्हणून जे सरकारदरबारी पोहोचे, त्यात या सभेला जागा नव्हती. ज्या जातींत विधवेचा पाट लागत असे, त्यांचा आचारही त्यात नव्हता. रखमाबाईंच्या आईने दुसरे लग्न केले ते याच रिवाजाने.

संमतिवयाचे बिल १९ मार्च १८९१ रोजी मंजूर झाले. कलकत्त्याच्या ‘बंगवासी’ने त्यावर इतके जहाल लिहिले की, सरकारने मालक-संपादकांवर राजद्रोहाचा खटला भरला. कलम १२४अ खालचा हा पहिला खटला. ज्यूरीचे एकमत झाले नाही, आरोपींनी माफी मागितली, प्रकरण मिटले. पण त्यात न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेले विवेचन कायद्याच्या पुस्तकात राहिले. १८९७ मध्ये मुंबईत न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी दुसऱ्या एका राजद्रोहाच्या खटल्यात त्याचाच आधार घेतला आणि ‘केसरी’च्या संपादकाला, म्हणजे टिळकांना, अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली.