बॉटलब्रश : पाहुण्या झुडपाची जोपासना

बॉटलब्रश पुष्कळांच्या अंगणात दिसते. पण ते मूळचे पूर्व ऑस्ट्रेलियाचे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. १७९४ साली विल्यम कर्टिस यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पान चुरगाळले की लिंबासारखा वास येतो, म्हणून नाव ‘सिट्रिना’. तुऱ्यात तांबडे दिसतात ते पुंकेसर. पाकळ्या अगदी बारीक असतात.

बहर सरला की तुऱ्याच्या टोकातून फांदी पुढे वाढते आणि मागे लाकडी बोंडे राहतात. ती वर्षानुवर्षे मिटलेली असतात. वणवा लागला वा फांदी वाळली, की उघडतात आणि धुळीसारखे बी सांडते. फांदी तोडून कागदात ठेवली तरी हेच घडते. मात्र बियांपासूनचे रोप फुलायला काही वर्षे घेते.

आमचे रोप तीन वर्षे फुलले नाही, तेव्हा आजी म्हणाली, “देवाला न चालणारे हे झाड उपट आणि अबोली लाव.” मी वर्षाची मुदत मागितली आणि वरची आंब्याची फांदी उतरवून त्याला ऊन दिले. चौथ्या वर्षी तुरे आले, मागोमाग शिंजीर आले. आता बहर ओसरताच सुकल्या तुऱ्यामागे कात्री लावतो. त्याने फुटवे दाट येतात. आजी ती फुले अजून पूजेला घेत नाही. शिंजीर मात्र रोज मोजते.