लेखनिक आणि जादा वेळ: कायदा काय देतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ आला आणि १९९५च्या कायद्यातल्या सात प्रकारांची यादी २१वर गेली. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, सिकलसेल असलेले विद्यार्थीही तिच्यात आले. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात, कमाल वयातही पाच वर्षांची सवलत मिळते.

प्रवेश मिळाला तरी खरी कसोटी परीक्षेच्या वर्गात लागते. केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा विद्यार्थ्याला तासामागे किमान २० मिनिटे जादा मिळायला हवीत. तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. लेखनिक घेतला नाही, तरीही.

आणि दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी असेल तर? लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला याच कारणाने लेखनिक नाकारला गेला होता. ‘विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग’ या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट लेखनिकासाठी लावता येणार नाही, असे ठणकावले. त्यानुसार २०२२मध्ये स्वतंत्र सूचना निघाल्या.

नियम केंद्रावरच्या पर्यवेक्षकापर्यंत पोहोचणे मात्र तितकेच महत्त्वाचे. २०२१च्याच ‘नीट’मध्ये लेखन-अक्षमता असलेल्या विद्यार्थिनीला हक्काचा जादा तास मिळाला नाही. न्यायालयाने अन्याय मान्य केला, पण फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. म्हणून प्रमाणपत्र आणि परवानगीचे पत्र परीक्षेच्या बरेच आधी, लेखी स्वरूपात हातात घ्या.