लिटरला किती? हायब्रिड आणि स्पोर्ट्स कारचा खरा हिशेब

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग यांजकडून)



या पानावर आपण एरवी बेणे, खते, पाणी आणि खोडवा यांचा विचार करतो. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. ऊसबिल खात्यावर जमा झाले की पुष्कळ घरांत चारचाकीचा विषय निघतो. घरातली तरुण मंडळी मोबाईलवर गाड्यांचे आकडे पाहतात. एक म्हणतो, "हायब्रिडच घ्यायची, लिटरला अठ्ठावीस देते." दुसरा म्हणतो, "त्यात काही राम नाही, परदेशात स्पोर्ट्स कारनं हायब्रिडला ॲव्हरेजमध्ये हरवलंय." दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि दोघांचेही अर्धेच आहे. कर्ज मात्र पूर्ण फेडावे लागते. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब नीट समजून घेणे बरे.

हायब्रिड म्हणजे काय?

ज्या गाडीत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असते ती हायब्रिड. आपण बोलतो आहोत त्या प्रकारात बॅटरीला बाहेरून चार्जिंग लागत नाही. ब्रेक लावताना मोटर उलट काम करून वीज तयार करते, ती बॅटरीत साठते आणि पुन्हा गाडी हलवायला उपयोगी पडते. टोयोटा कंपनीची प्रियस ही अशी पहिली मोठ्या प्रमाणावर तयार झालेली गाडी. ती जपानात डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीस आली.

स्पोर्ट्स कारचे गणित वेगळे असते. मोठे इंजिन, बुटका आकार आणि झटपट वेग. पेट्रोल वाचवणे हा तिचा धंदाच नव्हे. तरीही या दोन टोकांच्या गाड्या शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे ॲव्हरेज कशाने वाढते आणि कशाने बुडते, हे चांगले कळते.

प्रात्यक्षिक प्लॉट आणि आपले रान

प्रात्यक्षिक प्लॉटवर एकरी शंभर टन निघाला म्हणून आपल्या रानात तेवढा निघेलच असे नाही, हे आपणांस सांगायला नको. जमीन, पाणी आणि करणारा माणूस बदलला की टनेज बदलते. गाडीच्या जाहीर आकड्याचे तसेच आहे. तो आकडा चाचणीच्या खोलीत, चाके रुळांवर फिरवून, ठरावीक वेगाने गाडी चालवून काढलेला असतो. तो खोटा नसतो, पण तो त्या प्लॉटचा आकडा असतो.

याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतले आहे. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या जुन्या चाचणीत त्या काळच्या प्रियसला शहरात लिटरला २५.५ कि.मी. आणि महामार्गावर २१.७ कि.मी. असा आकडा मिळाला होता. लोकांना प्रत्यक्षात तेवढे मिळेना. २००८ च्या मॉडेलांपासून संस्थेने पद्धत बदलली. जास्त वेग, जोराची रेस, चालू एसी आणि कडाक्याची थंडी या गोष्टी हिशेबात धरल्या. त्याबरोबर त्याच गाडीचा आकडा शहरात २०.४ आणि महामार्गावर १९.१ वर आला. गाडी तीच, फक्त माप खऱ्या रस्त्याच्या जवळ आणले.

दोन गाड्या, दोन रस्ते

आता त्याच नव्या मापाने २००८ सालची प्रियस आणि त्याच वर्षाची शेवरोले कॉर्व्हेट ही ६.२ लिटर इंजिनाची स्पोर्ट्स कार (हाताने गिअर टाकण्याची) यांची तुलना पाहू.

शहरात : प्रियस लिटरला २०.४ कि.मी., कॉर्व्हेट ६.८ कि.मी.
महामार्गावर : प्रियस लिटरला १९.१ कि.मी., कॉर्व्हेट ११.१ कि.मी.

शहरात हायब्रिड तिप्पट चांगली आहे. महामार्गावर ती पावणेदोन पटीच्याही आतच चांगली राहते. शिवाय कॉर्व्हेट महामार्गावर सुधारते, तर प्रियस थोडी मागे येते. असे का, यातच सगळे मर्म आहे.

कारणे

पहिले कारण ब्रेकचे. चौदाशे किलोची गाडी ताशी ६० कि.मी. वेगाला नेण्यासाठी साधारण २० मिलिलिटर, म्हणजे चार चमचे पेट्रोल खर्ची पडते. पुढे गतिरोधक आला, म्हैस आडवी आली, सिग्नल लागला की ब्रेक दाबायचा. ते चार चमचे पेट्रोल ब्रेक तापवण्यात जाते. पन्नास वेळा असे झाले की एक लिटर गेला. साध्या गाडीला यावर इलाज नाही. हायब्रिड त्यातला बराच भाग विजेच्या रूपाने परत मिळवते.

दुसरे कारण इंजिनाच्या आकाराचे. विहिरीवर दहा एच.पी.ची मोटर बसवली आणि व्हॉल्व्ह आवळून तिच्यावर एकच नळ चालवला तर बिल कसे येईल? मोठ्या इंजिनाची गाडी गर्दीत हळू चालते तेव्हा हेच होते. इंजिनाची ताकद प्रचंड, काम नखाएवढे आणि पेट्रोलचा बराच भाग इंजिन नुसते फिरते ठेवण्यातच संपतो. हायब्रिड अशा वेळी इंजिन बंद करून मोटरवर सरकते. सिग्नलला उभी असताना तर काहीच जळत नाही.

महामार्गावर हे दोन्ही फायदे आटतात. तिथे ब्रेक कमी, त्यामुळे परत मिळवायला काही नाही. तिथे मुख्य शत्रू वारा. वेग ताशी ८० वरून १२० केला तर वेग दीडपट होतो, पण वाऱ्याचा विरोध सव्वादोन पट होतो. बॅटरीचा त्यावर उपयोग नाही. उलट कॉर्व्हेटसारखी बुटकी गाडी सहाव्या गिअरमध्ये, इंजिन संथ फिरवत जाऊ लागली की तिच्या मोठ्या इंजिनाला निदान पुरेसे काम मिळते आणि तिचे ॲव्हरेज वर येते.

स्पोर्ट्स कार जिंकली ती कशी?

आता त्या दुसऱ्या मुलाच्या बोलण्याकडे वळू. इंग्लंडमध्ये बीबीसीच्या 'टॉप गिअर' या कार्यक्रमात २००८ साली एक प्रयोग दाखवला गेला. धावपट्टीवरच्या चाचणी मार्गावर प्रियस जेवढी पळेल तेवढी पळवली आणि बीएमडब्ल्यू एम-३ ही चार लिटर, आठ सिलिंडरची गाडी तिच्या मागोमाग नुसती ठेवली. शेवटी मोजले तेव्हा प्रियसने लिटरला सुमारे ६.१ कि.मी. दिले आणि एम-३ ने सुमारे ६.९ कि.मी.

हा निकाल खरा आहे. पण त्याचा अर्थ काय घ्यायचा? लहान ट्रॅक्टरला उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या लावून पूर्ण रेसवर चढ चढवला आणि मागून मोठा ट्रॅक्टर तेवढाच भार घेऊन आरामात आला, तर डिझेल कोण जास्त खाईल? इथे प्रियसचे दीड लिटरचे इंजिन शेवटच्या टोकापर्यंत ताणलेले होते. तिची लहान बॅटरी अशा पळण्यात फार वेळ साथ देत नाही आणि कचकन ब्रेक मारला की मोटरला सगळी शक्ती गोळा करता येत नाही, नेहमीचे ब्रेकच काम करतात. म्हणजे हायब्रिडचे सगळे गुण बाजूला ठेवून घेतलेली ती परीक्षा होती. त्यावरून एम-३ काटकसरी ठरत नाही. लिटरला सात कि.मी. ही काही काटकसर नव्हे. पण एक गोष्ट पक्की ठरते : पाय जड असेल तर हायब्रिडसुद्धा पेट्रोल पिते.

नुसते 'हायब्रिड' हे नाव पाहून भुलू नये, याला आणखी एक कारण आहे. २०२३ मध्ये खुद्द कॉर्व्हेटचेच 'ई-रे' नावाचे हायब्रिड मॉडेल आले. तिच्या पुढच्या चाकांना मोटर दिली ती मुख्यतः जोर वाढवण्यासाठी. आपल्याकडेही 'माइल्ड' आणि 'स्ट्राँग' असे दोन प्रकार हायब्रिड याच नावाने विकले जातात. माइल्डमध्ये मोटर इंजिनाला थोडा हात देते, एकटीने गाडी ओढत नाही. शोरूममध्ये हा प्रश्न आधी विचारावा.

आपला हिशेब

आपल्याकडे अशा चाचण्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत होतात. २०२२ साली बाजारात आलेल्या मारुती ग्रँड व्हिटाराचा जाहीर आकडा स्ट्राँग हायब्रिडमध्ये लिटरला २७.९७ कि.मी. आणि साध्या गिअरच्या माइल्ड मॉडेलमध्ये २१.११ कि.मी. असा होता. ही चाचणी एसी बंद ठेवून, ताशी ९० कि.मी. च्या वर न जाता घेतलेली. पुणे-बंगळूर महामार्गावर मे महिन्यात आपण तशी गाडी चालवतो का, हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे.

इथे दुसरी एक फसगत होते. लिटरला किती कि.मी. यापेक्षा शंभर कि.मी.ला किती लिटर, असा हिशेब करावा. ७ चे ९ झाले तर शंभर कि.मी.मागे ३.२ लिटर वाचतात. २० चे २६ झाले तर फक्त १.१५ लिटर. दोनाची वाढ सहाच्या वाढीला भारी पडते! म्हणून जास्त पेट्रोल खाणारी जुनी गाडी बदलण्यात जेवढा फायदा आहे, तेवढा चांगल्या गाडीवरून आणखी चांगल्या गाडीवर जाण्यात नाही.

आता उदाहरणापुरते धरू की हायब्रिडसाठी दोन लाख रुपये जादा द्यावे लागतात आणि पेट्रोल शंभर रुपये लिटर आहे.

(१) वर्षाला १०,००० कि.मी. फिरणारा सभासद : वरच्या जाहीर आकड्यांनी वर्षाला सुमारे ११६ लिटर, म्हणजे ११,६०० रुपये वाचतील. दोन लाखांवर नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच १८,००० रुपये होते. बचत व्याजालाही पुरत नाही.

(२) पुण्यासारख्या शहरात गर्दीतून वर्षाला ३०,००० कि.मी. फिरणारा त्याचा मुलगा : समजा हायब्रिडने २० आणि साध्या गाडीने १३ दिले. वर्षाला सुमारे ८०० लिटर वाचतात. जादा दिलेले पैसे अडीच-तीन वर्षांत वसूल होतात.

गाडी तीच, पण एकाला तोट्याची आणि दुसऱ्याला फायद्याची. फरक रस्त्याचा आणि फिरण्याचा.

इथेनॉलचे काय?

२०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश उष्णता असते. म्हणून या मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण ६ ते ७ टक्के उष्णता कमी भरते. प्रत्यक्ष ॲव्हरेज किती उतरेल ते इंजिनावर अवलंबून आहे, पण थोडे उतरते हे खरे. इथेनॉल आपल्या उसापासूनही होते म्हणून ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. हायब्रिड असो की साधी, पाणी दोघींच्याही टाकीत सारखेच मुरते. तेव्हा दोन गाड्यांची तुलना करताना दोन्हींचे आकडे एकाच इंधनावरचे आहेत ना, एवढे पाहावे.

घरच्या घरी माप

१. पंपावर टाकी फुल्ल करावी. नळी आपोआप बंद झाली की थांबावे, वरून आणखी भरू नये. मीटरचा आकडा वहीत लिहावा.

२. नेहमीसारखी गाडी चालवून पुन्हा त्याच पंपावर टाकी फुल्ल करावी. झालेले कि.मी. भागिले भरलेले लिटर, हे आपले ॲव्हरेज.

३. एका वेळच्या आकड्यावर विसंबू नये. एक कांडे चोखून फडाचा उतारा सांगता येत नाही. निदान तीन वेळा माप घेऊन सरासरी काढावी.

४. गावातले फिरणे आणि लांबचा प्रवास यांचा हिशेब शक्यतो वेगळा ठेवावा.

५. चाकांतली हवा दर पंधरवड्याला तपासावी. पुढे अडथळा दिसताच रेस आधी सोडावी आणि ब्रेक हळू लावावा. हायब्रिडमध्ये तर हळू लावलेला ब्रेक म्हणजे बॅटरीत पडलेली शिल्लक.

नवीन गाडी ठरवण्यापूर्वी जुन्या गाडीचा तीन महिन्यांचा असा हिशेब ज्याच्या वहीत असेल, त्याला शोरूममधला आकडा फसवू शकणार नाही. वर्षाला किती फिरणे, त्यात गर्दीचे किती आणि मोकळ्या रस्त्याचे किती, हे तीन आकडे आधी काढावेत आणि मगच कर्जाच्या अर्जावर सही करावी.