स्पेनचा किनारा आणि चौविहार

कुंभार पिंपळगावच्या व्यापारी कुटुंबाने स्पेनमधील मालागाच्या किनाऱ्याची सहल योजावी ती मेमध्येच. जूनमध्ये बियाणे-खतांचा हंगाम, पुढे चातुर्मास. मेमध्ये तेथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. चौविहार सहज पाळता येतो. खरी अडचण ‘सर्वसमावेशक’ या शब्दात आहे. त्या दरात मद्य आणि सामिष भोजनही धरलेले असते. तेथील प्रसिद्ध ‘तोर्तिया’तही अंडी व बटाटे. न खाल्लेल्याचे पैसे कोण परत करतो? त्यापेक्षा स्वयंपाकघरासह निवास घेणे किफायतशीर. शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढास 90 युरो. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. सहल कंपनीने वसूल केलेला टीसीएस आयकर विवरणपत्रात वळता होतो, पावती जपावी. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे दिवाळीचे वहीपूजन आटोपताच कागदपत्रे काढावीत.