चिकन नव्हे हो, चिकानो!

आधी एक खुलासा. चिकानोचा चिकनशी काही संबंध नाही आणि लखनौच्या चिकनकारीशी तर नाहीच नाही! मेक्सिकन वंशाचा अमेरिकन तो चिकानो, मेक्सिकन वंशाची अमेरिकन ती चिकाना. एकेकाळी हा शब्द तोंडावर शिवीसारखा फेकला जायचा. साठच्या दशकात पोरांनी तो झेलला, मिरवला आणि थेट डिग्रीच्या सर्टिफिकेटवर छापून घेतला. ‘चिकाना आणि चिकानो स्टडीज’ या विषयात बीए होतं, एमए होतं आणि सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत चक्क पीएचडीही!

हे लोक अमेरिकेत आले कधी, माहीत आहे का? ट्रिक क्वेश्चन! बरेच जण आलेच नाहीत. १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो तहात मेक्सिकोचा निम्म्याच्या आसपास मुलूख अमेरिकेकडे गेला आणि बदल्यात मिळाले दीड कोटी डॉलर. माणसं अंगणातच उभी, देश मात्र पायाखालून बदलला. बेळगावकरांना हे वेगळं समजवायला नको.

आता सांगा, क्लास बंक करून काय मिळतं? आपल्याला फार तर मॅटिनी शो. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या मुलांना आख्खा विषय मिळाला! मार्च १९६८ मध्ये हजारो शाळकरी पोरं एकदम वर्गाबाहेर पडली. मागण्या काय? मेक्सिकन इतिहास शिकवा, स्पॅनिश बोललो म्हणून मारू नका आणि जेवणाच्या सुट्टीत संडासाला कुलूप लावू नका. त्याच वर्षी त्याच शहरातल्या ‘कॅल स्टेट’मध्ये मेक्सिकन-अमेरिकन स्टडीज सुरू झालं, देशातलं पहिलं.

पण फुकटात काही मिळालं नाही. आंदोलन उभं करणाऱ्या तेरा जणांवर कटाचे आरोप लागले. शिक्षा किती होऊ शकत होती? प्रत्येकी ६६ वर्षं! पुढे कोर्टात आरोप टिकले नाहीत, हे नशीब. या तेरांतला एक होता मोक्टेसुमा एस्पार्सा. पुढे तो झाला सिनेमाचा निर्माता आणि १९९७ मध्ये त्याने गायिका सेलेनावर सिनेमा काढला. २०२० मध्ये सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीने सेलेनावर खास कोर्सच सुरू केला. म्हणजे शाळा बंद पाडणाऱ्याच्या सिनेमाची हिरॉइन आता सिलॅबसमध्ये!

चिकानो विद्यार्थ्यांच्या संघटनेचं नाव ‘मेचा’. १९६९ मध्ये सांता बार्बराला अख्ख्या विषयाचा आराखडा ठरला, तिथलंच हे बारसं. स्पॅनिशमध्ये मेचा म्हणजे वात. साहेबलोकांना त्यांनी वात आणला, हे ओघानं आलंच.

उपोषणाचा कॉपीराइट आपला, असं वाटतंय? १९९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘यूसीएलए’मध्ये विद्यार्थी आणि एक प्राध्यापक १४ दिवस उपाशी राहिले. मुख्य मागणी, आम्हाला आमचा विभाग द्या. आधी मिळालं केंद्र, पूर्ण विभाग व्हायला २००५ उजाडलं. तांत्रिक अडचणींचा खाक्या सगळीकडे सारखाच!

बरं, एवढं भांडून शिकायचं काय? तर पोवाडे! म्हणजे ‘कोरिदो’, पोवाड्याचा सीमेपलीकडचा चुलतभाऊ. त्यातला सुपरहिट कोरिदो ग्रेगोरियो कोर्तेसचा. १९०१, टेक्सास. शेरीफ त्याच्या दारात येतो आणि दुभाष्यामार्फत विचारतो, घोडा अदलाबदलीत दिलास का? कोर्तेस म्हणतो, नाही. खरंच नाही, कारण त्याने दिली होती घोडी! स्पॅनिशमध्ये घोडा ‘काबायो’, घोडी ‘येग्वा’, दोन वेगळे शब्द. अर्धवट स्पॅनिश येणाऱ्या दुभाष्याने घोळ घातला, शेरीफला वाटलं हा खोटं बोलतोय, गोळ्या सुटल्या, शेरीफ ठार. मग दहा दिवस कोर्तेस पुढे आणि शेकडो माणसं मागे. पकडला गेला, तुरुंगात गेला, १९१३ मध्ये माफी मिळून सुटला. अमेरिको पारेदेस या प्राध्यापकाने याच कोरिदोवर संशोधन करून १९५८ मध्ये पुस्तक काढलं आणि या विषयाचा पाया घातला. एका लिंगाच्या चुकीवर एवढं रामायण! व्याकरणाच्या बाईंना दाखवा हे.

पोवाड्यावरून गाडी आता गाडीवर. चिकानोंची ‘लोरायडर’ म्हणजे जमिनीला टेकेल इतकी बुटकी केलेली झगमगती मोटार, जी मुद्दाम हळू चालवायची. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात कायदाच आला, गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमखाली नको. मग १९५९ मध्ये रॉन अगिरे या पठ्ठ्याने विमानाचे हायड्रॉलिक पार्ट आपल्या कॉर्व्हेटला जोडले. पोलीस दिसला, बटण दाबा, गाडी वर. पोलीस गेला, गाडी खाली! आज गाड्या उड्या मारताना दिसतात ना, त्या तंत्राचं मूळ या कायद्याला दिलेल्या चकव्यात. माझ्या मते इंजिनीअरिंगवाल्यांनीही हा चॅप्टर वाचावा.

चीनची भिंत ऐकली, लॉस एंजेलिसची माहीत आहे का? पुराचं पाणी वाहून नेणाऱ्या काँक्रीटच्या कालव्यावर २,७५४ फूट लांबीचं म्युरल! चिकाना चित्रकार जुडी बाका यांनी सत्तरच्या दशकात काम सुरू केलं, ते शेकडो पोरांना हाताशी घेऊन. काही पोरं पोलिसांच्या फाइलीतली.

दारूची तस्करी ऐकलीय, पुस्तकांची? अ‍ॅरिझोनाने २०१० मध्ये कायदा करून टुसॉनच्या शाळांतला मेक्सिकन-अमेरिकन स्टडीज कोर्स मोडीत काढला. पुस्तकं वर्गातून उचलून खोक्यांत! मग २०१२ मध्ये ह्यूस्टनहून लेखक टोनी डियास आणि मंडळी बसभर पुस्तकं घेऊन टुसॉनला निघाली. स्वतःचं नाव त्यांनी ठेवलं ‘लिब्रोत्राफिकांते’, म्हणजे पुस्तक-तस्कर. २०१७ मध्ये कोर्टाने निकाल दिला, बंदीमागे वांशिक आकस होता.

आणि आपली माणसं? आहेत ना! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातून कॅलिफोर्नियात शेतीला गेलेल्या कित्येकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. तेव्हा तिथे वेगळ्या वंशात लग्नाला बंदी, पण दोघांचा रंग कारकुनाला सारखाच वाटला की लायसन्स मिळायचं! मुलांची नावं स्पॅनिश, आडनाव सिंग. युबा सिटीत तर अशा एका कुटुंबाच्या हॉटेलात मेनूवर होता रोटी केसादिया. टॉर्टिया नाही, रोटी, आत चीज. आज संध्याकाळी कालची पोळी उरली असेल तर बघा करून.