रामाळ्याची पाळ

चंद्रपूरच्या रामाळा उद्यानात रविवारी संध्याकाळी जागा मिळणे कठीण. कुणी मुलांना झोपाळ्यावर बसवून चणे-फुटाणे खात गप्पा मारत असते, कुणी पाण्याकडे तोंड करून नुसतेच बसलेले असते. अशाच एका संध्याकाळी शेजारच्या बाकावरच्या मुलाने विचारले, ‘‘बाबा, हा तलाव कुणी केला?’’ वडील बेफिकिरीने म्हणाले, ‘‘कुणी कशाला करेल? असतोच तो.’’

त्या उत्तराला आपण हसू नये. आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर हेच असते. नदी असते, डोंगर असतो, तसा तलावही ‘असतो’. खरे म्हणजे तलाव असत नाही. तो करावा लागतो, आणि केल्यानंतर राखावा लागतो. रामाळ्याची सगळी कहाणी या एका वाक्यात आहे.

चंद्रपूर हे गावच पाण्यामुळे वसले, असे त्याची दंतकथा सांगते. बल्लारपूरचा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीत तहान लागली म्हणून तो झरपटीच्या कोरड्या पात्रातल्या एका झऱ्यावर पाणी प्यायला, तोंड-हातपाय धुतले आणि त्याची व्याधी बरी झाली. पुढे तिथेच एक ससा कुत्र्याच्या मागे लागलेला त्याला दिसला. राणी हिरातानी शहाणी होती. तिने सांगितले, जिथे ससाच कुत्र्याला पळवतो, तिथे नगर वसवा. सशाच्या वाटेवर तट बांधा. ही पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. झऱ्याच्या जागी अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. परकोटाचे काम मात्र पुढच्या पिढ्यांपर्यंत चालले. जटपुरा, अचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा हे त्याचे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या.

पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट. दोन नद्यांच्या मध्ये वसलेल्या गावाला तलाव कशाला हवा? ज्याने चांद्याचा मे महिना काढला आहे, तो हा प्रश्न विचारणार नाही. झरपटीचे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडते, हे तर दंतकथेतच आले आहे. पावसाचे चार महिने धावणारे पाणी उरलेल्या आठ महिन्यांसाठी थोपवून ठेवायचे, तर आडवी पाळ घालायलाच हवी. रामाळा हे नाव रामशहा राजावरून पडले, असे सांगतात. राणी हिराईने दत्तक घेतलेला हा राजा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला.

गोंड राजांचे खरे कौतुक मात्र एका तलावापुरते नाही. रान तोडून जमीन लागवडीला आणील, त्याला ती द्यायची. तलाव बांधील, त्याला त्या पाण्याखाली येणारी जमीन द्यायची, असे धोरण हिरशहाच्या नावाने सांगितले जाते. अशा सनदी गावांना ‘तुकूम’ म्हणत. आज चंद्रपुरात तुकूमला घर घेणाऱ्याला आपल्या पत्त्यात केवढा इतिहास आहे, याची कल्पना नसते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीपासून गडचिरोलीच्या धानपट्ट्यापर्यंत जे जुने तलाव दिसतात, त्यांमागे हाच व्यवहार आहे. राजाने हुकूम सोडला म्हणून ते झाले नाहीत. बांधणाऱ्याचे पोट त्या पाण्यावर होते, म्हणून झाले आणि टिकले. या कामात कोहळी समाजाचा हातखंडा होता. मातीची पाळ, जादा पाणी वाहून जायला सलंग, शेताला पाणी सोडायला तुडुम आणि पुढे पाट, एवढीच त्यांची सामग्री!

भोसल्यांचे राज्य आले, 1818 मध्ये इंग्रजांनी चांदा जिंकला, पुढे मालगुजारी आली. तरी गावची माणसे उन्हाळ्यात गाळ काढीत, पाळीवर माती टाकीत. 1951 मध्ये मालगुजारी गेली. जुलूम गेला, ते चांगलेच झाले. तलाव सरकारच्या ताब्यात गेले आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ झाले. म्हणजे माजी मालगुजारी. पण मामाचे घर सांभाळायचे कुणी? गाव म्हणाले सरकारने, सरकारने कागद पुढे सरकवले. मधल्या मध्ये गाळ साचत राहिला.

शहरात रामाळ्याचे तेच झाले, फक्त गाळाच्या जोडीला सांडपाणी आले. इरई धरणाचे पाणी नळाने घरात आले आणि तलावाकडे बघण्याचे कारण संपले. तहान भागत होती तोवर तलावात थुंकायलाही माणूस कचरत असे. तहान दुसरीकडे भागू लागली, तशी मच्छीनाल्याची घाण त्यात सुखाने येऊ लागली. सांडपाण्यावर जलपर्णी माजते, ती पाण्याचा श्वास कोंडते, कुजून तळाशी बसते आणि तिचाच पुन्हा गाळ होतो. दुरून मात्र सगळे हिरवेगार दिसते. उद्यानातल्या हिरवळीपेक्षाही हिरवे!

फेब्रुवारी 2021 मध्ये इको-प्रो संस्थेचे बंडू धोत्रे या तलावासाठी अन्नत्याग सत्याग्रहाला बसले. याच संस्थेच्या कार्यकर्त्यांनी 2017 पासून परकोटावरची झाडेझुडपे आणि कचरा रोज पहाटे स्वतःच्या हातांनी काढला होता. सत्याग्रहानंतर, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात रामाळा रिकामा करून गाळ काढण्याचे काम झाले. एका माणसाला उपाशी बसावे लागले, तेव्हा कुठे शहराला आपला तलाव आठवला.

पण गाळ एकदा काढून भागत नाही. घाण पाणी तलावात शिरण्याआधी शुद्ध केले नाही, तर काढलेला गाळ काही वर्षांत व्याजासकट परत येतो. कोहळ्यांना हे ठाऊक होते. पाळ बांधणे हे एका हंगामाचे काम आणि ती राखणे हे पिढ्यांचे काम, हा हिशेब त्यांनी वहीत नव्हे, वहिवाटीत लिहून ठेवला होता. ती वहिवाट आपण मोडली, तिच्या जागी नवी बसवली नाही.

पुढच्या रविवारी रामाळ्यावर गेलात, तर मुलांना झोपाळ्यावरून उतरवून थोडे पाळीवरून चालवा. पाणी कुठून येते, कुठून जाते, एवढेच दाखवा. मग त्यांनी विचारलेच, ‘‘हा तलाव कुणी केला?’’ तर राजाराणीची गोष्ट जरूर सांगा. फक्त त्यानंतर ‘‘आता तो कोण राखतो?’’ असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर घरून तयार करून न्या.